पगाराविना मैदानात

२०२४ च्या एप्रिलात आपल्या शहरात एक चमत्कारिक योग जुळून आला. चित्रपटगृहांत ‘मैदान’ लागला होता. हैदराबादचे शिक्षक आणि भारतीय फुटबॉलचे गुरू सय्यद अब्दुल रहीम यांच्या आयुष्यावरचा हा हिंदी चित्रपट पाहून जुनी माणसे डोळे पुशीत बाहेर पडत होती. आणि नेमक्या त्याच दिवसांत गच्चीबावलीच्या स्टेडियमवर खेळणारा या शहराचा व्यावसायिक संघ, हैदराबाद एफसी, इंडियन सुपर लीगच्या तक्त्यात अगदी तळाशी हंगाम संपवीत होता. सामने बावीस, त्यांत विजय एक, गुण आठ. दोनच वर्षांपूर्वी हाच संघ स्पर्धेचा विजेता होता हे परगावच्या पाहुण्याला सांगितले असते, तर त्याने ते थट्टेवारी नेले असते.

माझा भाचा या संघाचा निस्सीम भक्त. त्या हंगामातला असाच एक सामना हरून, म्हणजे संघ हरला आणि हा पाहून, तो काचीगुड्याला आमच्या घरी आला. चहाचा पेला हातात घेऊन म्हणाला, “मामा, या मुलांचे पगार थकले आहेत म्हणतात. मग ती खेळायला उतरतातच कशाला? गिरणीत पगार थकला तर कामगार फाटकापाशी बसतो. हे का बसत नाहीत?”

प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. “अरे, खेळाची आवड असते,” असे काहीतरी मी पुटपुटलो. पण आवडीने घरभाडे भागत नाही, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. तेव्हापासून हा प्रश्न मनात घर करून बसला. वाचले, जुन्या गोष्टी पडताळल्या, आणि असे दिसून आले की क्रीडाक्षेत्रातील मालक आणि खेळाडू यांच्या वाटाघाटींचे सारे मर्म त्या एका प्रश्नात सामावलेले आहे.

आधी या संघाची जन्मकथा सांगितली पाहिजे, कारण तिच्यातच पुढच्या दुखण्याचे बीज आहे. २०१९ साली पुण्याचा एफसी पुणे सिटी हा क्लब बंद पडला आणि लीगमधील त्याची रिकामी जागा हैदराबादला मिळाली. तिकडचे काही खेळाडूही इकडे आले. पहिल्या हंगामात संघ शेवटचा आला. मग स्पेनचे मानोलो मार्केझ प्रशिक्षक झाले आणि चित्र पालटले. कोविडच्या साथीमुळे लागोपाठ दोन हंगाम सगळे सामने गोव्यातच झाले. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याला अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्सविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टींवर हैदराबाद ३-१ असे जिंकले. बरोबरीचा गोल गोव्याच्या साहिल ताव्होराचा, पेनल्टी अडविणारा लक्ष्मीकांत कट्टीमणीही गोव्याचाच, आणि त्या हंगामात अठरा गोल करणारा बार्थोलोम्यू ओग्बेचे नायजेरियाचा. पुढच्या वर्षीही संघ साखळीत दुसरा आला. म्हणजे विहीर आटली ती पाणी नव्हते म्हणून नव्हे. २०२३ च्या उन्हाळ्यात मार्केझ गेले, ओग्बेचे गेला, आणि थकबाकीच्या बातम्या येऊ लागल्या. देणी न चुकविल्यामुळे फिफा या जागतिक संघटनेने क्लबवर नवे खेळाडू नोंदविण्याची बंदी घातली. २०२४ च्या जानेवारीत एकामागून एक खेळाडू निघून गेले. पुण्याहून आलेला निखिल पुजारी बंगळूरला गेला. उरलेला हंगाम मुख्यतः कोवळ्या पोरांनी रेटला. माझ्या भाच्याने पाहिलेला सामना तो हा.

आता त्याच्या प्रश्नाकडे वळतो. ही मुले फाटकापाशी का बसली नाहीत?

गिरणी कामगार संपावर गेला तर माग थांबतो, आणि माग थांबला की मालकाचे नुकसान त्याच दिवसापासून सुरू होते. खेळाडूचे तसे नसते. त्याचा माल म्हणजे त्याचे शरीर आणि त्याचा सराव. तो तीन महिने घरी बसला तर मालकाचे जेवढे बिघडते, त्याहून अधिक त्याचेच बिघडते. बाविसाव्या वर्षी ज्याचा खेळ कोणी पाहिला नाही, त्याला तेविसाव्या वर्षी कोण विचारणार? शिवाय करार मोडल्याचा ठपका त्याच्या माथी येऊ शकतो तो वेगळाच. त्यात भर म्हणजे नव्या क्लबात नाव नोंदविण्याची मुभा वर्षातून दोनच ठराविक काळांत असते. नोव्हेंबरात रागाच्या भरात बाहेर पडणाऱ्याला जानेवारीपर्यंत वाट पाहावी लागण्याचा धोका असतो. म्हणून तो दात-ओठ चावीत मैदानात उतरतो, आणि उतरतो तो बहुधा दुसऱ्या कोणा मालकाला आपला खेळ दिसावा म्हणून. प्रेक्षकाला वाटते तो आपल्या शहरासाठी धावतो आहे. वास्तविक तो दाराच्या दिशेने धावत असतो.

थोडक्यात सांगायचे तर या वाटाघाटींत पैशापेक्षा घड्याळाला महत्त्व असते. ज्याला थांबणे परवडते त्याचे वजन जास्त. क्लबाचा मालक हा बहुधा दुसऱ्या एखाद्या धंद्यात पैसा केलेला माणूस. फुटबॉलवाचून त्याचे अडत नाही. खेळाडूचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. त्यातला एक हंगाम गेला की तो कोणत्याही लवादाने परत देता येत नाही. “देतो, पुढच्या महिन्यात देतो” हे वाक्य म्हणूनच मालकाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी हत्यार असते. ते नकार देत नाही, त्यामुळे भांडायलाही जागा ठेवीत नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी मग गत होते.

जगात जिथे खेळाडू शहाणे झाले तिथे त्यांनी प्रथम हे घड्याळ वाचायला शिकून घेतले. अमेरिकेतील बेसबॉलचे उदाहरण घ्या. १९९४ साली मालकांना पगारांवर कमाल मर्यादा घालायची होती. खेळाडूंच्या संघटनेने संप पुकारला तो हंगामाच्या आरंभी नव्हे, तर १२ ऑगस्टला. हिशेब साधा होता. तोवर खेळाडूंच्या पगाराचा मोठा भाग खिशात आलेला होता, आणि मालकांची खरी कमाई व्हायची ती शरद ऋतूतल्या अंतिम सामन्यांतून, दूरचित्रवाणीच्या पैशांतून. त्या वर्षी वर्ल्ड सीरिज हा त्यांचा महोत्सवच रद्द झाला. मालकांनी बदली खेळाडू आणून पाहिले; अखेर मार्च १९९५ मध्ये न्यायालयाने मालकांविरुद्ध मनाई हुकूम दिला आणि संप मिटला. मालकही यातून शिकले. २०२१ साली त्यांनी स्वतःच टाळेबंदी केली ती डिसेंबरात, सामने नसतात तेव्हा, म्हणजे संपाला वेळ निवडण्याची संधीच उरू नये. दोन्ही बाजूंना घड्याळाची किंमत कळली होती.

आपल्याकडे हे शिक्षण कधी झालेच नाही असे नाही. त्याचा एक सुंदर धडा १९५२ सालचा आहे. विनू मंकड तेव्हा इंग्लंडमधील लँकेशायर लीगच्या हॅसलिंग्डन क्लबचे व्यावसायिक खेळाडू होण्याच्या बेतात होते. भारताचा संघ त्याच उन्हाळ्यात इंग्लंडला जायचा होता. संघात निवड नक्की असल्याचे आश्वासन मिळाले तर मी तो करार करीत नाही, असे मंकडांनी क्रिकेट मंडळाला कळविले. मंडळाने आश्वासन दिले नाही. मंकडांनी हॅसलिंग्डनशी करार केला. विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली संघ गेला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत आपल्या हैदराबादच्या गुलाम अहमदांनी पाच बळी घेतले खरे, पण दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्य धावांवर चार बाद अशी झाली आणि साऱ्या देशाने मान खाली घातली. मग मंडळाने हॅसलिंग्डनची मनधरणी करून मंकडांना सोडवून आणले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि पाच बळीही घेतले. सामना भारत हरला. पण वाद कोण जिंकले हे सांगायला नको.

मंकडांचे बळ कशात होते? केवळ गुणांत नव्हे. गुणी माणसे मंडळाने पुष्कळ पाहिली होती. त्यांचे बळ यात होते की त्यांच्यापाशी जायला दुसरे दार होते, आणि त्या दाराबाहेर त्यांची चूल पेटत होती. ज्याला दुसरे दार आहे त्याच्याशी मालक आदराने बोलतो. परंतु या विजयाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. मंकड जिंकले ते एकटे मंकड. संघातल्या बाकीच्यांची स्थिती तसूभरही बदलली नाही. तारा एकटा चमकला म्हणून आकाश उजळत नाही.

आकाश उजळायचे तर एकजूट लागते, आणि ती कशी असावी हे इंग्लंडच्या फुटबॉलपटूंनी १९६१ साली दाखविले. तिथे खेळाडू कितीही मोठा असो, आठवड्याला वीस पौंडांहून अधिक पगार देण्यास बंदी होती. जिमी हिल यांच्या अध्यक्षतेखालील खेळाडूंच्या संघटनेने संपाचा ठराव केला. त्या ठरावाला नामांकित खेळाडूंइतकाच खालच्या श्रेणीतल्या, ज्यांना वीस पौंडही मिळत नव्हते अशा खेळाडूंचा पाठिंबा होता. संपाची तारीख तोंडावर आली आणि मालकांनी मर्यादा उठविली. संप झालाच नाही. लवकरच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले. तलवार म्यानातून न काढता लढाई जिंकली जाते ती अशी. पण म्यानात तलवार आहे आणि ती उपसणारे हात पुष्कळ आहेत, याची दुसऱ्या पक्षाला खात्री असावी लागते.

आपल्या देशात अशी खात्री मालकांना क्वचितच पटली. १९८९ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यानंतर अमेरिकेत प्रदर्शनी सामने खेळले म्हणून क्रिकेट मंडळाने सहा खेळाडूंवर एका वर्षाची बंदी घातली. त्यांत कर्णधार दिलीप वेंगसरकर, कपिल देव, रवी शास्त्री, अरुण लाल, बडोद्याचा किरण मोरे आणि आपल्या हैदराबादचा अझरुद्दीन होते. सहाजण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मंडळाला माघार घ्यावी लागली. त्याच नोव्हेंबरात अझर, कपिल, शास्त्री आणि मोरे पाकिस्तानात भारतातर्फे खेळत होते. मंडळ नमले ते खेळाडू न्यायालयात गेले म्हणून, आणि एकत्र गेले म्हणूनही. पण सहाजणांची ही मोट त्या एका कामापुरती होती. काम झाले, मोट सुटली. २००२ साली खेळाडूंची संघटना निघाली. तिचे अध्यक्ष मन्सूर अली खान पतौडी, म्हणजे पुन्हा हैदराबादकडून रणजी खेळलेलेच नाव. मंडळाने तिला मान्यता दिली नाही आणि ती विरून गेली. २०१९ साली जी संघटना मंडळाच्या मान्यतेने उभी राहिली ती निवृत्त खेळाडूंची आहे. आज जो खेळतो आहे, त्याच्या वतीने मंडळासमोर बसून बोलणारा कोणी नाही. मोठ्या खेळाडूला जाहिरातींचे उत्पन्न असते, त्याला हे टोचत नाही. टोचते ते रणजीतल्या बाराव्या खेळाडूला.

फुटबॉलमध्ये खेळाडूंची संघटना आहे. २००६ साली बायचुंग भुतियाच्या पुढाकाराने ती स्थापन झाली. आणि फुटबॉलमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी मंकडांच्या काळात नव्हती, ती म्हणजे लिखित नियम. दोन महिन्यांचा पगार थकला, खेळाडूने लेखी नोटीस देऊन निदान पंधरा दिवसांची मुदत दिली आणि तरीही पैसे आले नाहीत, तर तो करार मोडून मोकळा होऊ शकतो, असे फिफाने २०१८ पासून नियमातच लिहून ठेवले आहे. दोष त्याचा नव्हे, क्लबाचा. वर, देणी न दिल्यास क्लबाला नवे खेळाडू नोंदविता येत नाहीत. नियम चांगला आहे. पूर्वी जिथे मंकडांना स्वतःचे दार स्वतः शोधावे लागले, तिथे आता प्रत्येकाला एक दार कायद्याने बांधून दिलेले आहे.

मग हैदराबादेत घोडे कुठे अडले? माझ्या मते इथेच.

पहिली गोष्ट अशी की एकाच खोलीत कपडे बदलणाऱ्या खेळाडूंची दारे वेगवेगळी होती. परदेशी खेळाडू आणि भारतीय क्लब यांचा तंटा हा आंतरराष्ट्रीय ठरतो; तो थेट फिफाकडे जातो आणि फिफाच्या निकालाची धास्ती साऱ्या जगाला असते. भारतीय खेळाडूचा भारतीय क्लबाशी तंटा हा घरचा. तो भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीपुढे जातो. ज्याच्यापाशी नाव आणि दलाल होता तो निघाला. ज्याला बंगळूर-गोव्याहून बोलावणे आले तो निघाला. आणि ज्याला कोणाचेच बोलावणे नव्हते, त्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने मोकळे होऊन जायचे कुठे? त्याच्यासाठी नियम म्हणजे बंद रस्त्यावर उघडणारे दार. दुसरी गोष्ट अशी की जो जातो तो आपले वजन बरोबर घेऊन जातो. जानेवारीत अनुभवी खेळाडू बाहेर पडले तेव्हा मागे राहिलेल्यांच्या बाजूने बोलणारे आवाजही गेले. आणि नव्या खेळाडूंची नोंदणी बंद असल्याची शिक्षा मालकापेक्षा जास्त भोगली ती त्या पोरांनीच. दर आठवड्याला त्यांनाच हरावे लागले.

जाणाऱ्यांना मी बोल लावीत नाही. ज्याच्या पोटावर पाय येतो त्याला निष्ठेचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला, तिकीट काढून बसणाऱ्यांना, नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की नियमाने खेळाडूला घराबाहेर जाण्याचे दार दिले, पण घरात बैठकीला बसण्याचा पाट दिला नाही. सोडून जाणे हे एकच हत्यार ज्याच्या हाती असते, त्याचा विजय म्हणजे रिकामे मैदान. इंग्लंडच्या खेळाडूंनी १९६१ साली जे मिळविले ते सर्वांसाठी आणि आपापल्या जागी राहून मिळविले. त्यांचे क्लब त्यांच्या शहरांत राहिले. आपल्याकडे काय झाले? २०२४ साली क्लबाची मालकी बदलली आणि २०२५ साली हैदराबादचा संघ स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने राजधानीत गेला. पुण्याची जागा आपल्याकडे आली होती, ती आता पुढे गेली. सहा वर्षांत तीन शहरे. बिऱ्हाड बदलावे तसा संघ गाव बदलतो, आणि त्या गावातला पोरगा आपली पिवळी जर्सी धुऊन कपाटात ठेवतो.

इथे रहीमसाहेबांचा काळ आठवल्यावाचून राहवत नाही. माझे थोरले मामा फतेह मैदानाच्या गोष्टी सांगत. हैदराबाद सिटी पोलीसचा संघ १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. ते खेळाडू पोलीस खात्याच्या नोकरीत होते. पहिली तारीख आली की पगार हाती पडे, मग संघ जिंको की हरो. गुडघा मोडला तरी नोकरी राहत असे. हे सुवर्णयुग होते असे भाबडेपणाने म्हणणार नाही. त्या खेळाडूला घासाघीस करण्याची मुभा नव्हती. गोल किती मारले यावर हुद्दा ठरत नव्हता. म्हणूनच कलकत्त्याच्या बड्या क्लबांनी हाक दिली की हैदराबादचे हिरे तिकडे जात. सिकंदराबादचा तुलसीदास बलराम १९५७ साली ईस्ट बंगालला गेला तो काही उगीच नव्हे. जुन्या व्यवस्थेत शाश्वती होती, मोल नव्हते. नव्या व्यवस्थेने मोल दिले आणि शाश्वती काढून घेतली. दोन्ही मिळवायचे तर खेळाडूंनी एकत्र बसून बोलणे आणि मालकांनी ते बोलणे ऐकण्यास बांधलेले असणे, याखेरीज तिसरा मार्ग जगात कोणाला सापडलेला नाही.

त्या दिशेने एक लहानसे पाऊल अलीकडे पडले. २०२५ च्या जुलैत लीगचा पुढचा हंगामच लांबणीवर पडला, कारण महासंघ आणि लीग चालविणारी कंपनी यांच्यातील करार संपत आला होता. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबविले. तेव्हा नोव्हेंबरात सुनील छेत्री, संदेश झिंगान, गुरप्रीत सिंग संधू आदी खेळाडूंनी एकच निवेदन एकाच वेळी प्रसिद्ध केले. आम्हाला खेळू द्या, एवढीच त्यांची मागणी होती. त्यात छेत्रीसारखा ज्याचे सारे मिळवून झाले आहे तोही होता आणि ज्याची सुरुवात व्हायची आहे तोही होता. ही विनंती होती, वाटाघाट नव्हे. म्यानात तलवार होतीच असे म्हणवत नाही. पण आवाज एक होता. वाटाघाटींचा आरंभ इथूनच होत असतो.

परवा भाचा पुन्हा आला होता. आता तो हैदराबादच्या संघाविषयी बोलत नाही. मी त्याला म्हटले, “तुझ्या त्या प्रश्नाचे उत्तर सापडले बरे का. ती मुले फाटकापाशी बसली नाहीत, कारण फाटकापाशी एकट्याने बसता येत नाही.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामा, आम्ही बघणारे तरी कुठे बसलो होतो त्यांच्याबरोबर?”

याचे उत्तर मात्र अजून मला सापडलेले नाही.